बोगदाच जेव्हा मोजपट्टी होतो: मॅनिटोबातल्या ४२० मीटर पातळीचे प्रकरण

ग्रॅनाइटमध्ये बोअर घेतला की बॅरलमधून, म्हणजे ड्रिलच्या पोकळ नळीतून, लांब, गुळगुळीत दंडगोल (कोअर) बाहेर यावा ही साधी अपेक्षा असते. त्यातही खडक निर्जोड, म्हणजे सांधे-भेगा नसलेला, असेल तर विचारायलाच नको. अशा ठिकाणी बॅरल उघडल्यावर आतून नाण्यांची चळत निघते तेव्हा ड्रिलरही क्षणभर थबकतो. बोटभर जाडीच्या चकत्या, काही त्याहून पातळ. कडा धारदार. एक बाजू किंचित खोलगट, दुसरी फुगीर. एकीवर एक ठेवल्या तर तंतोतंत बसतात. दहा सेंटिमीटरपेक्षा लांब तुकडा एकही नाही, म्हणजे आरक्यूडी (अशा लांब तुकड्यांच्या शेकडा प्रमाणावरून खडकाला दिले जाणारे गुण) शून्य. नवखा भूवैज्ञानिक नोंदवहीत लिहून मोकळा होईल: 'खडक अतिशय भेगाळलेला'.

ती नोंद साफ चुकीची असते. खाली, जागच्या जागी, त्या खडकात एकही भेग नसते. बिटाच्या, म्हणजे ड्रिलच्या कापणाऱ्या टोकाच्या, अगदी पुढ्यात दाब एकवटतो, कोअरच्या बुडाशी खडक आडवा फाटतो, बिट दोन बोटे पुढे सरकला की पुन्हा फाटतो. ज्या खडकाला सर्वांत वाईट गुण मिळाले तो सर्वांत अखंड असतो. फक्त तो भयंकर दाबाखाली असतो. याला कोअर डिस्किंग म्हणतात. प्रतिबल (स्ट्रेस), म्हणजे खडकाच्या आत दर क्षेत्रफळावर असलेला जोर, मोजायला निघालेल्या माणसाला चकत्या दिसल्या की दोन गोष्टी एकदम कळतात: इथे मोजण्यासारखे पुष्कळ आहे, आणि नेहमीच्या पद्धतीने ते मोजता येणार नाही.

आधी शब्दाचा घोळ मिटवून घेऊ. स्ट्रेसला आपण सर्रास 'ताण' म्हणतो. पण ताण म्हणजे ओढ, आणि जमिनीखाली बहुतेक ठिकाणी असतो तो दाब. म्हणून इथे पाठ्यपुस्तकातला 'प्रतिबल' हाच शब्द घेतो. 'ताण' एका ठिकाणी लागणार आहे, तेव्हा काढू.

प्रकरण कॅनडाचे आहे. अणुकचरा खोल ग्रॅनाइटमध्ये पुरता येईल का, हे पाहण्यासाठी ॲटॉमिक एनर्जी ऑफ कॅनडा लिमिटेड या सरकारी कंपनीने मॅनिटोबा प्रांतात लाक दु बॉने इथल्या ग्रॅनाइटमध्ये एक भूमिगत संशोधन प्रयोगशाळा खोदली. पहिला शाफ्ट, म्हणजे उभी विहीर, १९८३ ते १९८५ दरम्यान सुमारे २५५ मीटरपर्यंत गेला. मग १९८७-८८ मध्ये तो ४४३ मीटरपर्यंत उतरवला. हा खालचा भाग गोल, ४.६ मीटर व्यासाचा. प्रयोगांसाठी दोन मुख्य पातळ्या होत्या, २४० मीटर आणि ४२० मीटर. या दोन पातळ्यांमध्ये, साधारण २७० मीटरच्या आसपास, एक भ्रंशपट्टा आडवा येतो. कमी उताराचा थ्रस्ट फॉल्ट, म्हणजे वरचा खडक खालच्या खडकावर चढून सरकलेला.

हा पट्टा म्हणजे दोन वेगळ्या मुलखांची सीमाच. वरच्या खडकात उभे सांधे आहेत, त्याचे प्रतिबल माफक. पट्टा ओलांडून खाली गेले की सांधे संपतात, खडक निर्जोड होतो, प्रतिबल एकदम वाढते आणि सर्वांत मोठ्या प्रतिबलाची दिशाही जवळजवळ काटकोनात फिरते. वरच्या पातळीवर मिळालेल्या आकड्यांवरून खोलीच्या प्रमाणात रेघ ओढून खालचा अंदाज बांधला असता तर तो मूल्यात चुकला असता आणि दिशेतही. खोली दुप्पट म्हणजे प्रतिबल दुप्पट हा हिशेब उभ्या दिशेला बरा चालतो, कारण तिथे वरच्या खडकाचे वजनच बोलत असते. आडव्या दिशेला असा कुठलाच नियम खडकावर बंधनकारक नाही.

खालच्या पातळीवर मोजणी का फसली ते समजायला ओव्हरकोअरिंग म्हणजे काय ते पाहावे लागेल. मोठ्या व्यासाचा बोअर हव्या त्या खोलीपर्यंत नेतात. त्याच्या टोकाला मधोमध ३८ मिलिमीटरचे एक बारके भोक पुढे मारतात. ते धुऊन, पुसून, कोरडे करून त्याच्या आतल्या भिंतीवर स्ट्रेन गेज (लांबीतला सूक्ष्म बदल टिपणाऱ्या पट्ट्या) बसवलेली सेल चिकटवतात. दक्षिण आफ्रिकेत विकसित झालेली सीएसआयआर त्रिअक्षीय सेल हा त्यातला जुना आणि नावाजलेला प्रकार. इथे तिचीच सुधारलेली आवृत्ती वापरली. गोंद वाळला की मोठ्या बिटाने सेलच्या भोवतीने कापत जायचे. सेलसकट खडकाची जाड नळी भोवतालच्या खडकापासून सुटते, दाब उतरतो, नळी फुगते आणि गेज ते फुगणे टिपतात. प्रतिबलाचे सहा घटक अज्ञात असतात, म्हणून निरनिराळ्या दिशांना निदान सहा गेज लागतातच. हाताशी त्याहून जास्त असलेले बरे.

फुगणे किती? ग्रॅनाइटचा स्थितिस्थापकता गुणांक, म्हणजे त्याच्या ताठपणाचे माप, ६० गिगापास्कल धरा आणि प्रतिबल ६० मेगापास्कल. विकृती, म्हणजे मूळ लांबीच्या प्रमाणात झालेला बदल, आली हजारात एक. १० मिलिमीटरच्या गेजवर हा बदल भरतो एक शतांश मिलिमीटर. आणि तो टिपायचा ओल्या, गार भोकात, हाताने चिकटवलेल्या गेजवरून, शेजारी हिऱ्याचे बिट आणि पाणी गरगरत असताना. तरीही ही पद्धत चालते. २४० च्या पातळीवर ती नीट चाललीही.

या पद्धतीच्या पायाशी मात्र एक गृहीतक आहे: सुटलेली नळी रबरासारखी परत फुलते आणि त्या फुलण्यात दुसरे काहीही मिसळलेले नसते. ४२० च्या पातळीवर नेमके हेच ढासळले. कुठे कोअरच्या चकत्याच पडल्या, मग मोजायचे काय! जिथे कोअर अखंड निघाला तिथे तर परिस्थिती अधिक फसवी होती. डोळ्यांना तो धडधाकट दिसे, पण दाब उतरताना कणांच्या सीमांवर सूक्ष्म भेगा उघडलेल्या असत. गेजला कळते ते एकूण लांबणे. त्यातले स्थितिस्थापक किती आणि भेगांचे किती, हे त्याला सांगता येत नाही. तोच कोअर पुन्हा दाबून गुणांक काढायला जावे तर भेगांमुळे तो घटलेला, आणि दाबाबरोबर बदलणारा. मग कुठला गुणांक सूत्रात घालायचा? सुरुवातीचा घातला तर एक उत्तर, वाढलेल्या दाबावरचा घातला तर दुसरे.

माझ्या मते चकत्यांपेक्षा हा अखंड दिसणारा कोअर जास्त घातक. चकत्या निदान तोंडावर सांगतात की मोजणी फसली. अखंड कोअर गुमान एक आकडा देतो, तो दशांश चिन्हासकट अहवालात जातो, आणि वर्षभराने कोणीतरी त्यावर आधाराचे बोल्ट मोजून मागवतो.

दुसरा मार्ग हायड्रॉलिक फ्रॅक्चरिंगचा. बोअरचा एक टप्पा वर-खाली पॅकर (फुगणारी बुचे) फुगवून बंद करायचा, आत पाणी दाबायचे, खडक फाटला की पंप थांबवायचा आणि दाब कुठे स्थिरावतो ते पाहायचे. त्या दाबावरून फटीला काटकोनात असलेले प्रतिबल कळते, कारण फट मिटू पाहणारा जोर तोच. इथे गोंद नाही, गुणांक नाही, कोअरचीही गरज नाही. पण उभ्या बोअरमधली फट उभीच जाईल या अपेक्षेवर पुढचे सगळे गणित बेतलेले असते. खडक फाटतो तो जिथे विरोध सर्वांत कमी तिथे. या पातळीवर सर्वांत लहान प्रतिबल उभे आहे, म्हणून फटी जवळपास आडव्या गेल्या. आडवी फट सांगते वरच्या खडकाचे वजन, आणि ते तर कागदावरही निघते: घनमीटरला २६ किलोन्यूटन, गुणिले ४२०, म्हणजे १०.९ मेगापास्कल. इतका खटाटोप करून हाती आले ते आधीच ठाऊक असलेले.

मातीत काम करणाऱ्यांना ही गोष्ट ओळखीची वाटेल. चिकणमातीतला आडवा दाब मोजायला पाते किंवा सेल दाबून घुसवले की घुसवण्यानेच दाब चढतो, आणि आपण मोजतो आपल्याच धक्क्याचा परिणाम. भरावात पुरलेली सेल भोवतालच्या मातीपेक्षा ताठ असली तर ती वाट्याहून जास्त भार अंगावर ओढून घेते. मऊ असली तर माती तिच्यावरून कमान टाकून भार बाजूला नेते. स्वतःच स्वतःची जागा खणत उतरणारा प्रेशरमीटर केंब्रिजमध्ये आणि फ्रान्समध्ये घडवला गेला तो याच दुखण्यावर. खडकातले लोक 'आमचा पदार्थ कडक, आम्हाला ही भानगड नाही' म्हणत आले. ४२० मीटरवर त्यांनाही ती भेटली.

मग उरले काय? नळी लहान पडते, तिला जखम होते, ती खोटे बोलते. तर मग नळीऐवजी अख्खा बोगदाच वापरायचा. बोगदा खणला की भोवतालचा खडक सरकतो, आणि हे सरकणे मीटर मीटरभर जाडीच्या, फारशी इजा न झालेल्या खडकाचे असते. किती आणि कुठल्या दिशेने सरकला यावरून उलटे गणित मांडून मूळ प्रतिबल काढता येते. शाफ्ट खोल करताना भिंतींच्या सरकण्याची मापे घेतली होतीच. १९९१-९२ मध्ये मग यासाठी मुद्दाम एक बोगदा घेतला, 'माइन-बाय' प्रयोगाचा: गोल, ३.५ मीटर व्यासाचा, ४६ मीटर लांब.

या बोगद्याची आखणी मला फार आवडते, कारण ती बोगदा वाचवायला केलेलीच नाही. प्रतिबलाच्या तिन्ही प्रमुख दिशांचा अंदाज तोवर आला होता. तिघांना थोरले, मधले, धाकटे म्हणू. बोगदा मधल्याच्या दिशेने न्यायचा म्हणजे आडव्या छेदावर थोरले आणि धाकटे समोरासमोर येतात आणि फरक होता होईल तेवढा मोठा पडतो. उत्खननात स्फोट नाहीत. परिघावर दाटीवाटीने भोके मारायची, ती जोडून घ्यायची आणि आतला खडक हायड्रॉलिक स्प्लिटरने फोडायचा, एका वेळी अर्धा किंवा एक मीटर. स्फोट केले असते तर पुढे दिसणारी इजा दारूने केली की प्रतिबलाने, हा वाद कधीच मिटला नसता. उपकरणे आधीच्या बोगद्यांतून आगाऊ बसवलेली: खडकाचे सरकणे मोजणारे एक्स्टेन्सोमीटर, स्ट्रेन सेल, आणि खडकाच्या आतली कुजबुज टिपायला १६ त्रिअक्षीय ॲक्सेलरोमीटर (कंपमापक).

सरकणे केवढे असते ते एकदा डोळ्यांसमोर आणू. खाली येणारे आकडे घालून आणि गुणांक ६० गिगापास्कल धरून साधे स्थितिस्थापक गणित केले तर ३.५ मीटरच्या या बोगद्याच्या दोन भिंती मिळून सुमारे ६ मिलिमीटर जवळ येतात. छत आणि तळ मात्र उलट एखादा मिलिमीटर दूर जातात! बोगदा चपटत नाही, उभा लांबतो. उभ्या-आडव्या हालचालींचे हे नातेच प्रतिबलांचे गुणोत्तर सांगते. अडचण एवढीच, की या ६ मिलिमीटरांपैकी बराच हिस्सा बोगद्याचे तोंड, म्हणजे खोदकामाची पुढची भिंत, त्या जागी पोचण्याआधीच होऊन गेलेला असतो आणि काही हिस्सा मापासाठीचा पहिला खिळा ठोकेपर्यंत निसटतो. म्हणून खिळे तोंडाला जितके खेटून बसतील तितके चांगले, आणि हुकलेल्या हिश्शाची भरपाई त्रिमितीय गणिताने करायची.

आकडे आले ते असे: थोरले ६० मेगापास्कल, जवळपास आडवे, क्षितिजापासून दहा-अकरा अंश कललेले, मधले ४५, धाकटे ११, जवळपास उभे. काही मेगापास्कलची इकडेतिकडे धरूनच चालायचे. ६० मेगापास्कल म्हणजे चौरस सेंटिमीटरवर सहाशे किलोंपेक्षा जास्त. थोरले धाकट्याच्या साडेपाचपट. उलट्या गणितावर मी एरवी चटकन विश्वास ठेवत नाही. पुरेसे गुणांक हाताशी असले की हवे ते उत्तर काढून दाखवता येते. इथे ठेवतो, कारण धाकट्याचा आकडा वजनाच्या हिशेबाशी जुळतो, आणि थोरल्याची दिशा खडकाने स्वतः कोरून दाखवली.

ती अशी. गोल बोगद्याच्या छतावर आणि तळावर परिघाच्या दिशेने येणारे प्रतिबल म्हणजे थोरल्याची तिप्पट वजा धाकटे: १८० वजा ११, म्हणजे १६९ मेगापास्कल. भिंतींवर धाकट्याची तिप्पट वजा थोरले: ३३ वजा ६०, उणे २७. इथे मात्र शब्द बरोबर लागू पडतो, हा खराखुरा ताण. लाक दु बॉनेचा ग्रॅनाइट प्रयोगशाळेत सुमारे २१२ मेगापास्कलला फुटतो. १६९ हे २१२ पेक्षा कमी. कोणीही सांगेल, छत टिकणार.

छत टिकले नाही. तोंडामागे अर्धा ते एक मीटर अंतरावर, छतातल्या एका अरुंद पट्टीत खडक आधी नुसता चुरला. मग त्या चुरल्या जागेच्या दोन्ही अंगांनी पापुद्रे सुटू लागले, काही नखाएवढे पातळ, काही दोन-तीन बोटे जाड. पापुद्रा बोगद्याच्या पृष्ठभागाला समांतर सुटतो, दोन्ही टोकांनी दाबला जाऊन मधून बाक घेतो आणि मोडतो. त्याच्या मागचा उघडा पडतो आणि तेच पुन्हा. तोंड पुढे जात राहिले तशी ही खाच खोल होत गेली, आणि इंग्रजी व्ही अक्षराच्या टोकदार आकाराला आल्यावर सुमारे अर्ध्या मीटरवर थांबली. थांबली कारण टोकाशी खडकाला पुन्हा दोन्ही बाजूंनी आधार मिळाला. खाच बरोबर माथ्यावर नव्हती, थोडी कललेली होती. थोरले प्रतिबल जितके कललेले, त्याला साजेशी.

मागून हिशेब केला तेव्हा जागच्या जागी खडकाची ताकद निघाली १२० मेगापास्कलच्या आसपास, म्हणजे प्रयोगशाळेतल्या आकड्याच्या निम्म्याहून थोडी जास्त. ॲक्सेलरोमीटरांनी तर याहून आधीची चाहूल टिपली होती. तोंडाच्या पुढे, अजून न खणलेल्या खडकात, थोरल्या-धाकट्यातला फरक ७० मेगापास्कलच्या आसपास गेला की बारीक तडकणे सुरू व्हायचे. ७० म्हणजे २१२ च्या एक तृतीयांश. प्रयोगशाळेत दंडगोल एकाच दिशेने निमूट दाबला जातो. इथे तोंड जवळ येताना प्रतिबल वाढते, वळते, मग एका बाजूचा आधार निघून जातो. छतात पोचेपर्यंत खडक आतून आधीच दुखावलेला असतो. कोअरमधल्या सूक्ष्म भेगा आणि छतातली खाच यांचे मूळ एकच. ज्या कारणाने गेज हरला, त्याच कारणाने छत पडले, फक्त माप मोठे.

दोन बारकावे सोडवत नाहीत. पहिला: त्याच बोगद्यात जिथे बारीक कणांचा ग्रॅनोडायोराइट, ग्रॅनाइटचाच जवळचा भाऊबंद, लागला तिथे खाच फारच कमी पडली. प्रतिबल तेच, आकार तोच, फरक फक्त कणांचा. दुसरा तळाचा. गणिताने तळालाही छताएवढेच प्रतिबल होते, पण तळावर खोदकामाचा मलबा पडून होता तोवर तिथे खाच वाढली नाही. मलबा काढून तळ साफ केला आणि पापुद्रे सुटू लागले. मीटरभर मलब्याचे वजन ते किती? चौरस मीटरला पंधरा-वीस किलोन्यूटन, म्हणजे मेगापास्कलचे एक-दोन शतांश. १६९ च्या समोर ते काहीच नाही. पण पापुद्र्याला पहिला बाक घेऊ न देण्याला तेवढे पुरते. शॉटक्रीटचा (फवारलेल्या काँक्रीटचा) पातळ थर आणि जाळी इतक्या खोलीवर 'काय करणार' असे विचारणाऱ्यांना मी हा मलबा दाखवतो.

ओव्हरकोअरिंग त्यानंतर मोडीत निघाले असे नाही. त्याच प्रयोगशाळेत पुढे खोल बोअरसाठी 'डोअरस्टॉपर' प्रकारची सेल नव्याने विकसित झाली. तिला भोकात शिरायचे नसते. ती बोअरच्या सपाट घासलेल्या बुडाला चिकटते, आणि तिला लांब नळी नको, काही सेंटिमीटरांचा अखंड तुकडा पुरतो. जाड चकती पडली तरी मोजणी हाती लागते.

या आकड्यांचा खरा वापर झाला तो त्याच पातळीवरच्या पुढच्या मोठ्या प्रयोगात, बोगदा सीलबंद करण्याच्या चाचणीत. तो बोगदा थोरल्याच्या दिशेनेच नेला, म्हणजे छेदावर ६० येतच नाही, येतात ४५ आणि ११. छेदही गोल न ठेवता आडवा लंबगोल, ४.३७५ मीटर रुंद आणि ३.५ मीटर उंच. लंबगोलाच्या सूत्राने छतावरचे प्रतिबल निघते ४५ गुणिले २.६ वजा ११, म्हणजे १०६ मेगापास्कल. २१२ शी तुलना केली तर आधीचा १६९ चा बोगदाही सुरक्षित दिसला होता. हा १०६ आता १२० शी ताडून पाहता येत होता.